साठ की एकसष्ट

मास्तर, तुमची वही काल माझ्या हातात आली. अकोल्याला कापूस उतरवून गाड्या रिकाम्या परतल्या, त्यातल्या एका गाडीवानानं ती जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून आणली होती. सोबत तुमचा तो दोरा आणि दोऱ्याच्या टोकाचा शिशाचा गोळा. पटकीनं माणूस गेला की त्याच्या वस्तू लोक जाळून टाकतात. पण गाडीवान म्हणाला, "मास्तर बोलले होते, वही पुंजाजी मापाऱ्याले देजो. गेलेल्या माणसाचा शबुद कसा मोडू?" मी वही घेतली आणि त्याला पाणी विचारायचंसुद्धा विसरलो.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. अमरावतीची शाळा बंद आहे. कापसाचा बाजार मात्र जोरात आहे. तिकडे अमेरिकेत लढाई चालली आहे, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा, आणि इकडे वऱ्हाडातला शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून हिंडतो आहे. मीही रोज काट्यापाशी उभा राहून रुई तोलतो. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला माझी मान आपोआप रस्त्याकडे वळते आणि गाडीवान ओरडतात, "पुंजाजी, ध्यान कुठी हाय तुमचं?"

हे मी बाळबोध अक्षरांत लिहितो आहे. मोडी मला येत होती, बाळबोध तुम्ही शिकवलीत. आणि मुद्दाम तुमच्या पुस्तकी भाषेत लिहितो आहे. माझ्या पाटीवरचं 'मले' आणि 'तुले' खोडताना तुमच्या कपाळावर जी आठी यायची, ती मला अजून भिववते. चुका राहिल्या तर राहू द्या. तपासायला आता कोण येणार?

लोक बोलायला येतात. म्हणतात, मास्तर फार साधे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साफ खोटं आहे. तुम्ही सगळ्यांच्या अध्यातही होतात आणि मध्यातही. रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायांना विचारायचात, हात आधी कुठे दुखतो, खांद्यात की मनगटात. लोहाराला विचारायचात, चाकाची लोखंडी धाव तापवून का बसवतोस, गार का नाही बसवत. आणि माझ्या तर तुम्ही डोक्यावरच येऊन बसलात.

पहिला दिवस आठवतो? मी नुकताच एक डोकडा तोलून खाली ठेवला होता, सैल बांधलेल्या रुईचा, माणसाच्या छातीएवढा उंच. तुम्ही कुठून तरी उगवलात आणि म्हणालात, "आता हा मळसूत्राखाली दाबणार ना? दाबून झाला की पुन्हा तोला." चार गडी मळसूत्राच्या दांड्याला लागले होते, ते हसायला लागले. मी म्हटलं, "दाबल्यानं का वजन वाढते, मास्तर?"

"वाढत नाही?"

"नाई."

"मग कमी होतं?"

"नाई नं बाप्पा. तितलंच राह्यते."

"तोलून बघितलंय?"

"त्यात का तोलाचं? मले ठाऊक हाय."

"ठाऊक आहे, पण तोललेलं नाही," असं म्हणून तुम्ही तिथेच गोणपाटावर बसकण मारलीत. डोकडा दाबून झाल्यावर मी रागानं पुन्हा तोलला. दांडी होती तिथेच आली. वर्षानुवर्षं कापूस तोलणाऱ्या माणसाला त्यात नवल कसलं? पण तुमचं तोंड असं फुललं, की माझा राग कुठल्या कुठे गेला. तुम्ही वहीत लिहिलंत, 'आकार बदलला, वजन बदलले नाही,' आणि म्हणालात, "आता हे खरं झालं." मी विचारलं, "मंग आंधी का खोटं होतं?" तर म्हणे, "आधी नुसतं ऐकीव होतं." हा माणूस अर्धवट आहे असं मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमची जोडी बरी जमते."

दुसरी एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. बाजारात मला सगळे 'अरे पुंज्या' म्हणायचे. माझ्याहून वयानं धाकटे अडतेसुद्धा. तुम्ही पहिल्या दिवसापासून 'पुंजाजी, तुम्ही' म्हणालात. आता निम्मा बाजार मला पुंजाजी म्हणतो, तुमचं ऐकून.

मग ते पुस्तक आलं. शाळेतल्या पोरांसाठी एक लहान पुस्तक करायचं: जोर म्हणजे काय, वेग म्हणजे काय, दाब कशाला म्हणायचं, वस्तू खाली का पडतात, काय कशात मोजायचं. तुमच्याकडे इंग्रजी पुस्तक होतं. ते तसंच मराठीत उतरवून काढायला तुम्ही तयार नव्हतात. "त्यात पानोपानी बर्फ आहे, पुंजाजी. आपल्या पोरांनी बर्फ बघितलाय का?" मी म्हटलं, मीही नाही बघितला. तुम्ही म्हणालात, "मीही नाही." म्हणून सगळं पुन्हा नव्यानं, रुई आणि बैलगाडी आणि विहीर घेऊन लिहायचं ठरलं. आणि प्रत्येक व्याख्या आधी माझ्यावर चालवून बघायची. मी "म्हंजे?" असं विचारलं, की तुम्ही ती खोडायचात. पाचदा विचारलं तर पाचदा. मला वाटायचं, मी एवढा अडाणी आणि हा माणूस माझ्यापायी चांगले शब्द खोडतोय. एकदा तुम्ही 'स्थितिस्थापकत्व' असा शब्द आणलात. दाबलेली वस्तू सोडली की पूर्वीसारखी होते, तो तिचा गुण. मी म्हटलं, "मास्तर, हा शबुद बोलून होयेपरेंत रुई फुगून पयले होती तशी होऊन जाते." तुम्ही हसलात, इतके हसलात की ठसका लागला. शब्द मात्र ठेवलात, खाली एक सोपी ओळ जोडून. सगळं काही तुम्ही माझं ऐकत नव्हतात.

बडनेऱ्याच्या रस्त्यावरची गाडी तर तुम्ही विसरला नसालच. उतारावर बैल एकदम थांबले आणि मी तोंडावर पुढे पडलो. ओठ फुटला. आणि तुम्ही काय केलंत? मला उठवायचं सोडून पेन्सिल काढलीत. "बैल थांबले, गाडी थांबली, पुंजाजी थांबले नाहीत!" दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वही वाचून दाखवलीत: 'चालती वस्तू आपणहून थांबत नाही. तिला थांबवणारे काही लागते.' मी विचारलं, "आन् मले कोनं थांबोलं?" तुम्ही म्हणालात, "जमिनीनं." त्यावर राग धरून बसणं शक्यच नव्हतं.

चंद्रावरचा वाद मात्र मी जिंकलो, हे तुम्हीही मान्य केलं होतंत. तुम्ही मला वजन आणि वस्तूतला माल यांतला फरक समजावत होतात. म्हणालात, पृथ्वी जितक्या जोरानं ओढते तितकं वजन. चंद्राची ओढ कमी, म्हणून इथला एक मण तिथे सहाव्या हिश्श्याइतकाच भरेल. मी बराच वेळ विचार केला. मग म्हटलं, "मी मापं इथूनच नेईन नं संगं. रुई हलकी झाली तं मापंबी हलकी होतीन. माह्या काट्यावर मण तो मणच."

 तुमचा चेहरा बघून मला वाटलं, काहीतरी वेडंवाकडं बोललो. मग तुम्ही हळूच म्हणालात, "बरोबर. तुमचा काटा ओढ मोजतच नाही. तो मालच मोजतो. पुंजाजी, हे मी चार वेळा वाचलं होतं आणि आज मला कळलं." त्या दिवशी मी बाजारातून घरी गेलो तो रस्त्यावरून चाललो की हवेतून, देव जाणे. माझ्या बापानं, आज्यानं आयुष्यभर काटा धरला. त्या काट्यात एवढं काही आहे हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

दुसरा एक वाद तसाच अर्धा राहिला. मणभर लोखंड आणि मणभर रुई, यात माल जास्त कशात? तुम्ही म्हणायचात, रुईत. कारण विहिरीत बुडालेली घागर पाण्याबाहेर येईपर्यंत हलकी लागते, तशी हवासुद्धा वस्तूला थोडं उचलून धरते, आणि जी वस्तू जास्त जागा अडवते तिला जास्त. म्हणजे काटा सारखा दिसला तरी रुईत केसभर माल जास्तच. मी म्हणालो, "मंग मी इतकी वर्सं चुकीचं तोलून राह्यलो का?" तुम्ही म्हणालात, तसं नाही, फरक इतका बारीक आहे की दांडीला कळतच नाही. हवा उपसून काढायचं यंत्र मुंबईत आहे म्हणे. त्यात तोललं तर कळेल. आता परवापासून मी घागर काढताना मुद्दाम लक्ष देतो. घागर पाणी सोडते त्या क्षणी दोराला झटका बसतो, हे खरं. हवेचं पटतं, अर्धं पटतं. पण मास्तर, तोललेलं नाही.

आणि मग शेराचं प्रकरण. अमरावतीचा शेर एक, अकोल्याचा दुसरा, पुढे गेलं की तिसरा. कापड मोजायला हात, तर कुणाचा हात? दुकानदाराचा, आणि तोही विकताना आखडलेला. तुमचा संताप व्हायचा. "आंबा झाडावरून अमरावतीत पडतो तसाच अकोल्यात पडतो. मग मापं का वेगळी?" मी म्हटलं, "आंब्याले दुकान नाई चालवा लागत." पण तुम्हाला असं एक माप हवं होतं, जे कुणालाही, कुठेही, कुणाला न विचारता नव्यानं तयार करता येईल. ते तुम्हाला त्या इंग्रजी पुस्तकात सापडलं. दोऱ्याला गोळा बांधून टांगायचा आणि झोका द्यायचा. दोऱ्याची लांबी अशी धरायची, की गोळ्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बरोबर एक सेकंद लागेल. पृथ्वीची ओढ इथे काय, अकोल्याला काय, जवळपास सारखीच. म्हणून ती लांबीही सारखीच येणार. ना राजाचा शिक्का, ना दुकानदाराचा हात. तुम्ही हिशेब करून सांगितलंत, आपल्या मोजणीनं दोन हात आणि चार बोटं.

रविवारी तुम्हाला सुट्टी आणि मला दुपारची उसंत. माझा काटा ज्या तिकाटण्याला टांगतो, त्या तीन बांबूंच्या घोडीला आपण दोरा बांधला. आधी शिशाचा गोळा, मग तेवढाच दगड. मी पैजेवर सांगितलं होतं की जड गोळा लवकर जाईल. नाही गेला. मग मोठा झोका दिला, मग लहान. मला वाटलं, लहान झोका लवकर संपेल. तोही त्याच चालीत. मास्तर, खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. या गोळ्याला कोण सांगतं, की रस्ता लांब आहे तर भरभर चाल? तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "तेच तर." तेवढंच. मला वाटतं तुम्हालाही पुरतं माहीत नव्हतं, आणि ते तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून मला तुम्ही आवडलात.

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी मी लिहायला बसलो.

तुम्ही बुडाला भोक पाडलेली एक तांब्याची वाटी केली होती. पाण्यावर ठेवली की भरत भरत ती बुडायची. वाटी ठेवायची, त्याच क्षणी गोळा सोडायचा आणि वाटी बुडेपर्यंत झोके मोजायचे. एकमेकांच्या गिनतीनं गोंधळ नको म्हणून दोघांनी मनात मोजायचं. शेवटी आकडे सांगितले. तुमचे त्रेपन्न, माझे चोपन्न. पुन्हा केलं. पुन्हा माझा एक जास्त. दोरा आखूड केला, लांब केला, वाटी बदलली. काहीही केलं तरी माझा एक जास्त.

"माही गिनती चुकत नाई, मास्तर," मी म्हणालो. "इतकी वर्सं मोजून राह्यलो. एका डोकड्याची चूक झाली असती तं लोकायनं मले उभं केलं नसतं."

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. म्हणालात, "माझं लक्ष वाटीकडे असतं. पहिला झोका माझ्याकडूनच सुटत असेल." आणि तो धडा अडला. धड्यात लिहायचं होतं, या लांबीचा दोरा एका मिनिटात साठ झोके घेतो. तुमच्या मोजणीनं साठ आले तर माझ्या मोजणीनं एकसष्ट, आणि जी लांबी पोरांना कायमची शिकवायची ती संशयाची कशी शिकवायची? सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ अमरावतीत होतं ते साहेबाच्या बंगल्यात, तिथे विचारायची कुणाची छाती? रेल्वे अजून अकोल्यापर्यंतच आली आहे. तिथल्या स्टेशनात मोठं घड्याळ आहे असं गाडीवान सांगत. तुम्ही म्हणालात, "जातोच अकोल्याला. घड्याळासमोर दोरा टांगतो. साठ की एकसष्ट, एकदाचं ठरेल."

निघायच्या दिवशी सकाळी कापसाच्या गाड्या माझ्या काट्यावरूनच भरत होत्या. तुम्ही त्यातल्याच एका गाडीवर डोकड्यांवर चढून बसला होतात, मांडीवर वही. मी पुढच्या गाडीचा माल तोलायला सुरुवात केली. आम्ही मापारी 'एक' म्हणत नाही. पहिला माल तोलला गेला की 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन. बापानं तसंच शिकवलं. पहिला डोकडा पारड्यात चढला, दांडी स्थिर झाली, मी मोठ्यानं म्हटलं, "लाभ!" आणि माझा हात तिथेच थांबला.

पारड्यात डोकडा होता. तोलून झाला होता. म्हणून लाभ. पण तिकाटण्याखाली बसलो असताना मी लाभ कधी म्हणत होतो? गोळा हातातून सोडला की. तेव्हा गोळा कुठेच गेलेला नव्हता. पहिला झोका अजून व्हायचाच होता. तो पलीकडे पोचला की माझं दोन व्हायचं. मास्तर, मी रिकाम्या पारड्याला लाभ म्हणत होतो.

तुमची गाडी वीस पावलांवर उभी होती. बैल जुंपत होते. हाक मारली असती तर पुरलं असतं. पण भोवती अडते होते, दुसरे चार मापारी होते, आणि पुंजाजीची गिनती चुकली हे शब्द त्या सगळ्यांनी ऐकले असते. मापाऱ्याकडे गिनतीशिवाय दुसरं काय असतं? शिवाय मनात एक हलकट खुशीही होती, की एवढा शिकलेला माणूस माझ्या गिनतीपायी अकोल्याला चालला आहे. म्हटलं, जाऊ द्या. चार दिवसांत घड्याळ बघून येतील, तेव्हा सांगीन, दोघं पोट धरून हसू. तुम्ही हात केलात. मीही केला. आणि "दोन" म्हणून पुढचा डोकडा चढवला.

अकोल्यात पटकी आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एवढं मी स्वतःला सांगतो. पण ते सांगून काही होत नाही.

वहीचं शेवटचं लिहिलेलं पान मी उघडलं. तुमचं अक्षर जरा वाकडं आहे, दुखणं अंगात तेव्हाच असेल. लिहिलं आहे, 'स्टेशनमास्तर भला गृहस्थ. उद्या सकाळी घड्याळापाशी उभे राहू देणार.' त्याखाली काही नाही. म्हणजे तुम्ही घड्याळापर्यंत पोचलाच नाहीत. तुम्ही बरोबर होतात हे कळल्याशिवायच गेलात, आणि ज्याला कळलं होतं तो इथे रुई तोलत होता.

आज सकाळी मी तुमच्या घरी गेलो. तेरावा झाला की वहिनींचे भाऊ त्यांना घेऊन जाणार आहेत, म्हणजे नंतर सांगायचं म्हटलं तरी त्या सापडणार नव्हत्या. त्या दाराआड बसल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि वही पुढे ठेवली. मग सगळं सांगितलं. लाभ, गोळा, गाडी, वीस पावलं. बोलताना मी तुमची पुस्तकी भाषा विसरलो. "वैनी, मले समजलं होतं. मास्तर गाडीवर बसले होते तवाच समजलं होतं. मी बोललो नाई."

 मला वाटलं, आता त्या मला निघून जायला सांगतील. मी उठायच्या बेतात होतो.

"दाखवा मला," त्या म्हणाल्या.

"काय, वैनी?"

"तो दोरा. ते रोज सांगायचे. मी कधी बघितला नाही."

मी दाराच्या चौकटीच्या वरच्या खिळ्याला दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली. मग गोळा एका बाजूला ओढून धरला आणि त्यांना सांगितलं, गोळा पलीकडे पोचला की तुम्ही मोजा, मी माझ्या रीतीनं मोजतो. सोडला. गोळा उंबऱ्यावरून इकडून तिकडे जाऊ लागला, तुम्ही असताना जायचा तसाच. आतून बारीक आवाजात वहिनी मोजत होत्या, "एक… दोन… तीन…" त्यांनी दहा म्हटलं आणि मी गोळा धरला.

"तुमचे किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"आणि झोके?"

"दहा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी खाली बघत उभा राहिलो. मला वाटलं होतं त्या विचारतील, तुम्ही त्यांना थांबवलं का नाहीत. ते त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते बरोबर होते."

"व्हय, वैनी. बरोबर होते."

"त्यांना वाटत होतं आपलीच चूक असेल. निघताना मला म्हणाले, पुंजाजींची गिनती चुकायची नाही, मीच आंधळा झालोय." मग त्यांचा आवाज बदलला. "पुस्तक तुम्हीच पुरं करा. अक्षर तुमचं चांगलं आहे असं ते म्हणायचे. पण हा धडा आहे तसा लिहा. चूक कुणाची होती तेही लिहा. आणि तो गप्प बसला, तेही."

वही घेऊन मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नाव नका टाकू. लोकं काट्यावर उभे नाई करणार तुमाले." मी म्हटलं, नाव टाकलं काय आणि न टाकलं काय, मास्तरांबरोबर दोरा घेऊन बसणारा मापारी अख्ख्या अमरावतीत एकच होता.  मग तिनंच दौत पुढे सरकवली.

मास्तर, मला भीती वाटते. काटा गेला तर बापाच्या मळ्यात वांगी लावीन, ते येतं मला. पण वर्गात बसलेलं कुठलं तरी पोर हा धडा वाचेल, दोरा टांगेल, आणि कदाचित विचारेल की सोडतानाच का मोजायचं नाही. त्याला उत्तर मिळालं पाहिजे. तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा विचारायला शिकवलंत, आणि नेमकं सांगायच्या वेळी मी गप्प बसलो. याची माफी कुणाकडे मागू? तुमच्याकडे मागतो. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे.

तुमच्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या अक्षरात, धडा असा पुरा केला आहे. एकही शब्द अवघड नाही, दोनदा तपासला:

'दोन हात चार बोटे लांबीच्या दोऱ्याला गोळा टांगावा. गोळा सोडताना काही मोजू नये. तो पलीकडच्या टोकाला पोचला म्हणजे एक म्हणावे. अशा रीतीने एका मिनिटात साठ झोके होतात. अमरावतीचा एक मापारी गोळा सोडतानाच मोजत असे, म्हणून त्याचे एकसष्ट होत. त्याला आपली चूक वेळेवर कळली होती, पण लाजेने तो बोलला नाही. त्याचे मास्तर खात्री करून घ्यायला अकोल्यास गेले आणि तेथेच वारले. मास्तर बरोबर होते.'